विद्यापीठ परत घेते, मग शिष्यवृत्ती का नाही? : उच्च शिक्षण खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, उच्च व तंत्र शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन;
मा. सचिव, सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास विभाग;
राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमांचा नवा श्रेयांक (क्रेडिट) आराखडा काढला. पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि उन्हाळ्यातला ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येईल, तीन वर्षांच्या आत परत येता येईल आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येईल, असे त्यात म्हटले आहे. आपल्या राज्याने हा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू केला. याच राज्याच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत मात्र पात्रतेची एक अट अशी आहे की, अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा त्याहून अधिक वर्षांचा खंड नसावा.

म्हणजे मुलगा तीन वर्षांच्या आत परत आला तर विद्यापीठ त्याला वर्गात बसवून घेणार, आणि दोन वर्षे झालेली असतील तर शिष्यवृत्ती त्याला नाकारणार. दोन्ही निर्णय एकाच शासनाचे, पुष्कळदा एकाच खात्याचे. या पत्राचा विषय एवढाच आहे, पण त्याच्या पोटात बरेच काही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचे कामही पाहतो. हे काम करणाऱ्याला राज्यातली गरिबी रकान्यांमधून दिसते. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर, जातीची व्हॅलिडिटी, आधारला जोडलेले बँक खाते, मागच्या वर्षाची गुणपत्रिका. आणि एक रकाना गॅपचा, म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचा. बहुतेक मुले तिथे शून्य भरून पुढे जातात. ज्यांना शून्य भरता येत नाही, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर पाच-सहा महिने राहतात, हंगाम संपला की परततात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची म्हणजे जोडीने काम करावे लागते; नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्यातला एक माणूस आजारी पडला की कोयता मोडतो, पण उचल तशीच अंगावर राहते. मग घरातला सगळ्यात धडधाकट मुलगा आईबरोबर फडावर जातो, आणि तो बहुतेक वेळा कॉलेजला असतो.

असा एक विद्यार्थी माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पास झाला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. एक हंगाम उचल फेडण्यात गेला, दुसरा दवाखान्याचे देणे फेडण्यात. दोन्ही पावसाळ्यांत तो गावी होता, तेव्हा कुणाच्या तरी शेतात रोजाने जात होता. परत आला तेव्हा प्रवेश मिळण्यात अडचण आली नाही. गॅपचे प्रतिज्ञापत्र दिले, विद्यापीठाच्या नियमात बसत होता, वर्गात बसला. शिष्यवृत्तीच्या टेबलावर त्याला कळले की खंड दोन वर्षांचा आहे, तेव्हा आता शुल्कात सवलत नाही. ज्या दोन वर्षांत त्याने शासनाकडून एक रुपयाही घेतला नव्हता, त्याच दोन वर्षांमुळे पुढच्या वर्षांची मदत गेली.

या नियमामागचा विचार मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. शिक्षण सोडून दुसरीकडे नोकरी-धंदा करणारा माणूस केवळ सवलतीसाठी नाव घालू नये, हा त्यातला एक हेतू असावा. दुसरा, विद्यार्थ्याने शिक्षण गांभीर्याने घ्यावे. दोन्ही हेतू योग्य आहेत. पण दोन वर्षे फडावर राहून, हात सोलवटून घेऊन, घरचे देणे फेडून जो पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन बसतो, त्याच्याइतका गंभीर विद्यार्थी मी सलग शिकणाऱ्यांतही क्वचित पाहतो. नियमाला ज्याला बाहेर ठेवायचे आहे, तो माणूस हा नव्हे. तरी नियम लागतो तो यालाच.

हा प्रश्न आता एकेकट्या मुलाचा राहणार नाही. २०२४-२५ मध्ये बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम सीईटी आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेखाली, म्हणजे कॅपखाली आले, आणि त्याच वर्षी संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, म्हणजे वर सांगितलेला आराखडा, लागले. त्या तुकडीतली जी मुले पहिल्या वर्षानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, अधिकृतपणे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडली असतील, ती नव्या धोरणाच्या शब्दावर विसंबून बाहेर पडली. त्यांतली जी दोन वर्षांनी, २०२७ च्या जूनमध्ये, परत येऊ पाहतील, त्यांना आयोगाच्या नियमाने प्रवेश मिळेल आणि खंडाच्या अटीने शिष्यवृत्ती नाकारली जाईल. हे आज कागदावर स्पष्ट दिसत आहे. तेव्हा जूनमध्ये रांगेत उभ्या असलेल्या मुलांना ‘वरून स्पष्टीकरण मागवले आहे’ असे सांगण्याची वेळ कुठल्याही क्लार्कवर येऊ नये.

दुसरी गोष्ट प्रवेशाच्या प्रकाराची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले. या निर्णयाबद्दल मी शासनाचे मनापासून आभार मानतो. आधीची पन्नास टक्के सवलत मिळूनही उरलेले पन्नास टक्के भरता न आल्याने घरी बसवलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. या निर्णयाने आमच्या तालुक्यातल्या कित्येक घरांत मुलीच्या लग्नाची बोलणी पुढे ढकलली गेली. त्याची नोंद कुठल्या अहवालात होणार नाही, म्हणून इथे करतो.

पण त्याच निर्णयात व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळले आहेत. व्यवस्थापन कोटा वगळला हे बरोबरच आहे. जो पैसा भरून जागा घेतो त्याचे शुल्क शासनाने भरण्याचे कारण नाही. संस्था स्तरावरचा प्रत्येक प्रवेश मात्र तसला नसतो. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात, त्या महाविद्यालय आपल्या स्तरावर, जाहिरात देऊन, गुणवत्ता यादी लावून भरते. अशा जागेवर येणारी मुलगी कोण असते? फेरीच्या शेवटच्या दिवशी जिचा दाखला तहसीलमधून निघाला नाही ती. वाटप झालेले कॉलेज दोनशे किलोमीटरवर निघाले आणि घरच्यांनी पाठवायला नकार दिला ती. त्या आठवड्यात घरात कुणी वारले ती. ती पुढे जवळच्या कॉलेजात रिक्त जागेवर येते. तिचे सीईटीचे गुण तेच असतात, जात-उत्पन्नाचे दाखले तेच, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीइतकीच फी तिलाही लागू असते. शेजारणीची फी शून्य होते. हिची लाखाच्या आसपासची फी तशीच राहते, चारही वर्षे. पहिल्या वर्षाचा प्रवेश ज्या रकान्यात पडला, तो रकाना पदवी हाती येईपर्यंत तिच्या नावापुढे राहतो.

मुदत चुकली म्हणून एका गरीब मुलाची जागा जाऊ नये, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितले. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला १७,५०० रुपये वेळेत जमवता आले नाहीत आणि त्याची धनबादच्या आयआयटीतली जागा गेली होती. न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ खालचे अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. आमच्या मुली दिल्लीपर्यंत जाऊ शकत नाहीत, आणि त्यांनी जावे लागूही नये.

यावर खात्याचा आक्षेप मला ठाऊक आहे. संस्था स्तरावरच्या प्रवेशांना सवलत दिली तर काही संस्था मुद्दाम कॅपच्या जागा रिकाम्या ठेवतील आणि नंतर आपल्या मर्जीने भरतील. ही भीती खरी आहे. पण २०१५ च्या कायद्याने स्थापन झालेले प्रवेश नियामक प्राधिकरण व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश तपासतेच. रिक्त जागा जाहिरात देऊन आणि गुणवत्ता यादीनुसार भरली का, एवढे त्या तपासणीत नोंदवून घेतले की व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश आणि गुणवत्तेने भरलेली रिक्त जागा वेगळ्या करता येतात. संस्थेने गैरप्रकार केला तर शिक्षा संस्थेला करा. आज ती शिक्षा, गैरप्रकार झालेला नसतानाही, मुलीला होते.

बाकीच्या अडचणी थोडक्यात सांगतो. त्या लहान आहेत म्हणून नव्हे, तर त्यांचे मूळ एकच आहे म्हणून.

शाहू महाराज योजनेत मागच्या सत्रात किंवा वर्षात किमान ५० टक्के हजेरीची अट आहे. बाळंतपणाच्या रजेबाबत आणि हजेरीतल्या सवलतीबाबत पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी नियम करा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवले. विद्यापीठाने सवलत दिली तरी हजेरीचा आकडा कमीच दिसणार, आणि शिष्यवृत्तीचा नियम आकडा पाहणार. बारावीनंतर लग्न झालेल्या, पण सासरी राहून जिद्दीने शिकणाऱ्या मुलींची संख्या ग्रामीण महाविद्यालयांत कमी नाही. त्यांच्यापैकी किती जणी बाळंतपणानंतर परत येतात हे घरातल्या माणसांवर जितके अवलंबून असते, तितकेच फीवरही असते. फी भरावी लागणार म्हटले की सासरचा विरोध पक्का होतो, हे मी अनेक घरांच्या ओसरीवर बसून ऐकले आहे.

इयर डाऊन झालेल्या मुलाचे वेगळेच. केटी घेऊन, म्हणजे काही विषय राहिलेले असताना, पुढच्या वर्गात गेलेल्याची शिष्यवृत्ती चालू राहते. वर्ष गेलेला मात्र मधल्या काळात ना धड वर्गात असतो ना धड बाहेर. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम असा की, नापास झालेल्या वर्गासाठी परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो, पुढच्या वर्गात जाईपर्यंत नंतर काही मिळत नाही. हा नियम पूर्णपणे अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही. पण मुलाचे विषय राहतात ते बहुतेक वेळा पहिल्या वर्षीच, इंग्रजीतून शिकवलेल्या गणितात आणि यंत्रशास्त्रात. गावातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला सावरायला एक वर्ष लागते. त्याच वर्षी भत्ता बंद झाला की तो खोली सोडतो, गावी जातो, आणि त्यातले बरेच जण परत येत नाहीत. या एका वर्षासाठी निर्वाह भत्ता तरी चालू ठेवावा, एकदाच, प्राचार्यांच्या शिफारशीवर.

अभ्यासक्रम किंवा महाविद्यालय बदलणाऱ्यांचीही हीच गत आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. नवे धोरण शाखा बदलण्याची, विषय निवडण्याची, श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेण्याची मोकळीक देते. एप्रिल २०२२ पासून तर एकाच वेळी दोन पदव्या घेता येतात. या सगळ्या मोकळिकीचा उपयोग आज ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच होतो. ज्याचे शिक्षण शिष्यवृत्तीवर चालते, त्याला एकदा निवडलेली शाखा सोडण्याची हिंमत होत नाही. मग ती त्याला जमत नसली तरी.

आणि मुक्त विद्यापीठ. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, ते काम करता करता शिकणाऱ्यांसाठीच. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या जुन्या नियमावलीत पत्रद्वारा आणि दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांना शुल्काची प्रतिपूर्ती आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० रुपये धरलेले होते. म्हणजे घरून शिकणाराही विद्यार्थीच आहे, हे शासनाला फार पूर्वी मान्य होते. शाहू महाराज योजना मात्र अर्धवेळ आणि आभासी पद्धतीच्या अभ्यासक्रमांना लागू नाही. नियमित वर्ग परवडेनासा झाला की मुलाने मुक्त विद्यापीठात जावे असे आपणच सुचवतो, आणि तो तिकडे गेला की मदत थांबवतो.

याच जुन्या नियमावलीतली आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. आजारपणामुळे किंवा अचानक आलेल्या कारणामुळे विद्यार्थी वार्षिक परीक्षेला बसू शकला नाही आणि तो बसला असता तर उत्तीर्ण झाला असता असे संस्थाप्रमुखाने प्रमाणित केले, तर पुढच्या वर्षासाठी शिष्यवृत्ती नूतनीकृत करता येत असे. ज्याने हे कलम लिहिले, त्याला मुलांची आयुष्ये ठाऊक होती. त्याने प्राचार्यावर विश्वास ठेवला आणि जबाबदारीही टाकली. आज सगळी प्रक्रिया ऑनलाईन झाली, पारदर्शक झाली, पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जाऊ लागला, हे सगळे चांगलेच आहे. पण मुलाला ओळखणाऱ्या माणसाने दोन ओळी लिहाव्यात आणि त्या कुणीतरी वाचाव्यात, अशी जागा अर्जात उरलेली नाही. अर्ज एक तर पुढे जातो, नाही तर त्रुटी म्हणून मागे येतो. वडील वारले ही त्रुटी कशी दुरुस्त करणार?

एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. तो १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेला, कोलंबिया विद्यापीठात शिकला, १९१६ मध्ये लंडनला आला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये त्याला मुंबईला परतावे लागले. लंडन विद्यापीठाने त्याला चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. मधल्या काळात त्याने नोकऱ्या केल्या, अपमान सोसले, सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले, पैसे साठवले. १९२० मध्ये तो लंडनला परत गेला. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाला. हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचा खंड तीन वर्षांचा होता. आणि १९२० मध्ये परत जाताना ज्यांनी त्यांना आर्थिक मदत केली, त्यांत कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज होते.

महाराजांनी खंड मोजला नाही. त्यांनी समोरचा माणूस पाहिला आणि त्याचे अर्धे राहिलेले शिक्षण पाहिले. त्यांच्या नावाने चाललेल्या योजनेत दोन वर्षांच्या खंडाची अट असावी, हे मला फार टोचते. या दोन नावांचा आदर करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला आणि अधिकाऱ्याला ते टोचावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आता खर्चाचे आणि गैरवापराचे.

मी जी मागणी करतो आहे तिने एका विद्यार्थ्यामागचा खर्च वाढत नाही. चार वर्षांच्या पदवीला आठ सत्रे लागतात. शासनाने त्या विद्यार्थ्याला आठ सत्रांची मदत मान्य केलेली आहे. ती आठ सत्रे त्याने सलग चार वर्षांत वापरली काय किंवा आयोगाने आखून दिलेल्या सात वर्षांत वापरली काय, शासनाची रक्कम जवळजवळ तीच. उलट आज जे होते तेच खरे नुकसान आहे. पहिल्या वर्षाचा पैसा शासनाने भरला, मुलगा परत आला तेव्हा मदत नाकारली, त्याने शिक्षण सोडले. आधी भरलेलाही वाया गेला.

गैरवापराबद्दल कुणी शिकवण्याची गरज महाराष्ट्राला नाही. शिष्यवृत्तीच्या पैशातल्या गैरव्यवहारांच्या चौकशीसाठी राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले होते. ते प्रकरण संस्थांनी लाटलेल्या पैशांचे होते. ऊसतोडीवरून परत आलेल्या मुलाने राज्याला फसवले होते असे नाही. आणि आज तेव्हापेक्षा चांगले साधन आपल्या हातात आहे. श्रेयांकांच्या शैक्षणिक बँकेत विद्यार्थ्याचे खाते असते. कोणत्या सत्रात, कोणत्या संस्थेत, किती श्रेयांक मिळवले, याची नोंद तिथे होते. मुलगा खरोखर शिकतो आहे की नुसते नाव घातले आहे, हे त्या नोंदीवरून कळू शकते. मग खंडाची अट कशासाठी ठेवायची? आधीच्या सत्राचे श्रेयांक पाहा आणि पुढच्या सत्राचे शुल्क द्या.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे : विद्यापीठ ज्याला नियमानुसार आपला विद्यार्थी मानते, त्याला शिष्यवृत्तीनेही विद्यार्थी मानावे. मान्य केलेली मदत वर्षांत न मोजता सत्रांत मोजावी, आणि न वापरलेली सत्रे आयोगाच्या सात वर्षांच्या मर्यादेपर्यंत त्याच्या नावावर शिल्लक राहावीत. खंड, हजेरी, शाखाबदल, संस्थाबदल यांबाबत विद्यापीठाने दिलेली परवानगी हाच शिष्यवृत्तीसाठीही पुरावा धरावा, चारही खात्यांच्या योजनांत सारखाच. आज एका वर्गातल्या दोन मुलांना, प्रवर्ग वेगळा म्हणून, खंडाचे आणि नापासाचे वेगवेगळे नियम लागतात. ते मुलांना समजावून सांगता सांगता आमची अडचण होते.

ज्या प्रकरणांचा निर्णय नियमात बसत नाही, त्यांसाठी जिल्हा पातळीवर एक समिती असावी. समाजकल्याणचे सहायक आयुक्त, विद्यापीठाचा एक प्रतिनिधी, एक प्राचार्य. अर्ज आल्यावर ठरावीक दिवसांत, कारण लिहून निर्णय द्यावा. नाकारायचे असेल तर नाकारावे, पण का ते लिहून द्यावे. पुण्या-मुंबईच्या संचालनालयात एका मुलाच्या खंडाचा प्रश्न घेऊन कोण जाणार? एसटीचे भाडे आणि दोन दिवसांची मजुरी एवढा खर्च त्या प्रश्नाला करावा लागतो.

कुलगुरू महोदय, आपल्याकडेही काही मागायचे आहे. बाहेर पडण्याचा अर्ज भरून घेताना विद्यार्थ्याला त्याच कागदावर, मराठीत, सांगा की तो किती काळात परत आला तर शिष्यवृत्ती राहील आणि कधी जाईल. आज तो पाऊल उचलतो तेव्हा त्याला श्रेयांक सांगितले जातात, पैशांचे कुणी सांगत नाही. रिक्त जागेवर प्रवेश घेणाऱ्या मुलीकडून सही घेण्याआधी तिच्या पालकांना फी किती आणि सवलत आहे की नाही हे लेखी द्या. आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न प्रलंबित असताना कुठल्याही महाविद्यालयाने फीपोटी टीसी किंवा गुणपत्रिका अडवू नये, असे परिपत्रक काढून ते पाळले जाते का हेही पाहा. टीसी अडकली की मुलाचा दुसरीकडचाही रस्ता बंद होतो.

खात्याला विनंती अशी की, पुढच्या प्रवेश प्रक्रियेची माहितीपुस्तिका निघण्याआधी खंडाची अट आणि संस्था स्तरावरच्या रिक्त जागांचे कलम यांवर सुधारित शासन निर्णय काढावा. बाकीच्या गोष्टींना वेळ लागला तरी चालेल. या दोन गोष्टींना लागू नये, कारण २०२५ मध्ये बाहेर पडलेली मुले २०२७ च्या जूनमध्ये येणार आहेत, आणि मुलींच्या शुल्कमाफीचा प्रश्न तर प्रत्येक प्रवेश फेरीबरोबर नव्याने उभा राहतो. ज्यांना आधीच नकार मिळाला आहे आणि जे अजून वर्गात आहेत, त्यांचे अर्ज पुन्हा उघडण्याची सोयही त्याच निर्णयात असावी. त्यातल्या काहींनी फी भरण्यासाठी घरातले दागिने मोडले आहेत, काहींनी सावकाराकडून रक्कम उचलली आहे. चालू सत्रापासून तरी त्यांना सूट मिळावी.

मसुद्यासाठी प्रत्यक्ष प्रकरणांची माहिती हवी असेल, तर विद्यार्थ्यांची नावे वगळून ती द्यायला मी आणि शिष्यवृत्तीचे काम पाहणारे माझ्यासारखे अनेक जण तयार आहोत. बैठक जिल्ह्याला लावा किंवा विद्यापीठात, आम्ही येऊ.

आपला विश्वासू,
शिष्यवृत्ती विभागाचे काम पाहणारा एक प्राध्यापक,
बीड जिल्हा